हिरव्या पुडीमागची वायर

वेइ डॉक्टरांच्या दवाखान्यात पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, दवाखाना बहुतेक युए-छिनचाच असावा. दारातून पाऊल आत पडायच्या आधी कानावर आदळतो तो तिचा आवाज. "कार्ड काढून हातात ठेवा! आ-कोंग, मास्क नाकावर घ्या, ताप हनुवटीला नाही आलेला!" आणि ज्यांचे नातू शहरात मोठे साहेब झालेत असले आजोबाही निमूटपणे मास्क वर ओढतात. डॉक्टर बिचारे आतल्या खोलीत हळू आवाजात छाती तपासत असतात.

तिच्यासमोर काचेची खिडकी आहे, खिडकीला हात जाईल एवढं भोक आहे आणि टेबलावर माइक आहे. तैवानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे मासळीच्या तळ्यांचं गाव. तळ्यावरच्या पंपांच्या घरघरीत आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्यांना धड ऐकू येत नाही, म्हणून नंबर पुकारायला डॉक्टरांनी तो माइक बसवला. युए-छिनला माइक देणं म्हणजे निव्वळ विजेची नासाडी, असं गावातले टवाळ म्हणतात, पण तिच्या पाठीमागे.

पूर्वी नाव लिहिणारी मुलगी कॉम्प्युटर आला त्याच महिन्यात घाबरून लग्न करून गेली, आणि भांडी घासायला लावलेली युए-छिन खिडकीत बसली. शिकली ती सगळं स्वतःच्या जिद्दीवर, हे मान्य करायलाच हवं. सरकारी आरोग्य कार्ड रीडरमध्ये सरकवायचं, माणसाचं नाव पडद्यावर उगवलं की छापील चिठ्ठी काढायची, यंत्र रुसलं तर त्याचा रुसवा काढायचा, सगळं ती एकटी करायची. डॉक्टर तर माउससुद्धा इंजेक्शनच्या सुईसारखा दोन बोटांत धरायचे. गावाने तिचं नाव 'मशीनची सासू' ठेवलं होतं आणि तिला ते मनातून फार आवडायचं.

सासू म्हटली की सुनेला वळण लावणं आलं. त्यासाठी कॉम्प्युटरच्या खोक्यावर हिरवी पुडी असायची. ती कुठे नसते? बँकेत असते, टेलिफोनच्या केंद्रात असते, मोठ्या इस्पितळात तर प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर असते. नारळाच्या चवीचे मक्याचे कुरकुरे, आणि पुडीवर नाव 'गुआय-गुआय', म्हणजे शहाण्या बाळासारखं वाग. पुडी हिरवीच हवी. पिवळी ठेवली तर यंत्र बिथरतं, लाल ठेवली तर विचारूच नका. पुडी कोणी खायची नाही आणि तिची तारीख उलटू द्यायची नाही. युए-छिन देवळातल्या उदबत्तीत एखाद वेळी चुकेल, पण पुडीच्या तारखेत चुकायची नाही.

त्या सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच तिने जुनी पुडी काढून नवी आणली. पुडीवरच्या कोऱ्या जागेत मार्करने लिहिलं, 'नोंदणीचं मशीन, आज म्हातारी माणसं खूप आहेत, शहाण्यासारखं वाग.' मात्र ती खोक्यावर ठेवेना. मागच्या वेळी कुणाच्या तरी नातवाने भोकातून हात घालून पुडी पळवली होती आणि सबंध दिवस यंत्र आचके देत होतं. म्हणून तिने नवी, टम्म फुगलेली पुडी खोक्याच्या मागे, भिंतीच्या फटीत घट्ट कोंबली. वरून दोन थापट्या मारल्या आणि गुडघ्याने खोका मागे ढकलून दिला.

दार उघडलं तेव्हा पायरीवर सगळ्यांच्या आधी थांगांच्या घरच्या आजी, थांग आ-मा, आपल्या चाकाच्या खुर्चीत बसलेल्या होत्या, आणि त्यांच्यामागे वार्सिनी. वार्सिनी जावा बेटावरून आलेली, डोक्याला रुमाल बांधणारी, थांगांच्या घरी आ-मांना सांभाळणारी. साखरेच्या आजाराने आ-मांच्या पायाला जखम झाली होती, तिची पट्टी रोज बदलावी लागे. आ-मांना आता पोटचा मुलगाही ओळखू येत नसे, पण पट्टी सोडताना वार्सिनीने फोनवर त्यांच्या तरुणपणीचं गाणं लावलं की त्या गुणगुणत बसायच्या आणि पाय विसरून जायच्या. तीच गाणी त्यांना झोपतानाही लागत. त्यामुळे सकाळी वार्सिनीचा फोन मरायला टेकलेला असे. "आत ये गं, माझ्या बोर्डाला लाव," असं युए-छिननेच तिला कधीतरी सांगितलं होतं. त्या दिवसापासून वार्सिनी रोज खिडकीच्या आतल्या बाजूला यायची, एक्स्टेंशन बोर्डाच्या कडेच्या भोकात चार्जर लावायची, आणि "शिए-शिए, जिये" असे आभार मानून जायची. कधी केळीच्या पानात गुंडाळून तळलेलं टेंपे, सोयाबीनच्या वड्या, आणायची. गावात तिला जिये, म्हणजे ताई म्हणणारी ती एकटीच, आणि तीही बाहेरची. बाकीच्या गावाला युए-छिन म्हणजे 'खिडकी' होती.

पहिले चारदोन म्हातारे सुरळीत गेले. मग आ-चुई-पेक नावाच्या आजोबांचं कार्ड सरकवलं आणि पडद्यावर चौकट आली. कार्ड रीडर सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे? हा काय माझ्या हाताखाली आहे!" युए-छिन पडद्यावर खेकसली. तिने कार्ड काढून बाहीला पुसलं, फुंकर मारली, परत घातलं. चौकट तशीच. दुसऱ्या म्हाताऱ्याचं कार्ड घेतलं, तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो चालू होईपर्यंत आ-चुई-पेकने आपल्या मूतखड्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. रीडरचा लाल दिवा लागला नाही तो नाहीच.

"काय खिडकीबाई," आ-चुई-पेक म्हणाले, "सून माहेरी गेली वाटतं?"

लोक हसले. युए-छिनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नोंदणीचा प्रोग्रॅम ज्या कंपनीकडून घेतला होता तिथे तिने फोन लावला. पलीकडचा माणूस तरुण होता, गोड बोलत होता, आणि त्याने पहिलाच प्रश्न असा विचारला की तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाई, रीडरची वायर मागे नीट बसलीये ना? एकदा हाताने दाबून बघता?"

आता खरं म्हणजे खाली वाकून बघायला किती वेळ लागतो? पण समोर गावभरचे म्हातारे, आणि हा कालचा पोरगा तिला वायर बसवायला शिकवणार! "मी तुझ्या जन्माच्या आधीपासून हे यंत्र चालवतेय," ती म्हणाली. "वायर घट्ट आहे." तिने बघितलं नव्हतं. मान वळवूनसुद्धा बघितलं नव्हतं.

"बरं, बरं. हिरवी पुडी आहे ना?" तो हसत म्हणाला.

"आजच नवी ठेवलीये!"

"मग कुणी मशीनला हात तरी लावला असेल. साफसफाईवाली, मुलं, कुणी आत येऊन गेलं का?"

युए-छिनची नजर एक्स्टेंशन बोर्डावर गेली. कडेच्या भोकात पांढरा चार्जर होता. त्याला वार्सिनीचा फोन लागलेला होता.

तिने माइक बंद करायला हवा होता. त्याचं बटण खाली दाबलेलंच राहिलं होतं, म्हणून पुढचं बोलणं नुसतं खिडकीतल्या माणसांनी नाही, पायरीवर बसलेल्यांनीही ऐकलं. "वार्सिनी! तू मागे हात घातलास ना? फोनसाठी माझी वायर उपटलीस ना?"

वार्सिनी आ-मांच्या पायातला मोजा काढत होती. ती तशीच उठून उभी राहिली. "नाही, जिये. मी फक्त या टोकाला लावला. मागे हात नाही नेला."

"मग काय भुताने उपटली? सकाळपासून दुसरं कोण आत आलं? तुम्हा लोकांना एक घटका फोनशिवाय चैन पडत नाही!"

तुम्हा लोकांना. हे शब्द तोंडातून गेले आणि खोलीत पसरले. लगेच इतरांच्याही जिभा सैल झाल्या. एक बाई म्हणाली, "आमच्याकडचीपण तशीच, जेवताना फोन, झोपताना फोन." दुसरी म्हणाली, "शेफारून ठेवल्यात." आ-चुई-पेकने आपला फोन डोळ्यांपासून लांब धरून थांगांच्या मुलाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं की तुमच्या बाईने दवाखान्याचं यंत्र बिघडवलंय.

थांग जुन-लोंग मासळीच्या लिलावातून गमबूट घालूनच स्कूटरवर आला. माणूस वाईट नव्हता. पण चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं की भल्या माणसाचीही शोभा होते. त्याने युए-छिनला वाकून नमस्कार केला, दोनदा "माफ करा" म्हटलं, चार्जरवरून फोन काढला आणि खिशात घातला. "आजपासून फोन माझ्याकडे," तो वार्सिनीला म्हणाला.

"सर, दुपारी तिकडे जावात माझी मुलगी शाळेतून घरी येते तेव्हा..."

"रविवारी बोल."

वार्सिनी आ-मांकडे वळली. तिने आ-मांची पट्टी गाण्याशिवायच करून घेतली. त्या दिवशी आ-मा नुसत्या कण्हत राहिल्या. जाताना तिने नेहमीसारखी मान लववली, पण 'जिये' म्हणाली नाही.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, हाताने लिहा आणि पाठवा आत, माणसं काय कार्डाने बरी होतात? सकाळ तशी कशीबशी निभावली.

दुपारी दाराची जाळी अर्धी ओढल्यावर युए-छिन टेबलाखाली शिरली. आता बघणारं कोणी नव्हतं. गुडघे टेकून, फोनचा दिवा लावून तिने खोक्यामागे डोकावलं, आणि तिला दिसली ती तिची स्वतःची हिरवी पुडी. हवेने फुगलेली पुडी हळूहळू वायरच्या मानेवर रेलली होती आणि वायर खोबणीतून निम्मी बाहेर लोंबत होती. 'शहाण्यासारखं वाग' हे तिचंच अक्षर अगदी तिच्याकडे तोंड करून होतं.

तिने पुडी बाहेर ओढली आणि बोटाने वायर दाबली. टुक असा आवाज झाला आणि वर रीडरचा लाल दिवा लागला.

ती टेबलाखालीच बसून राहिली. लाज ही काही नवी गोष्ट नव्हती तिला. भांडी घासायला होती तेव्हा उष्टं खायला लाजली होती, कॉम्प्युटर शिकताना चुकीचं बटण दाबून लाजली होती. पण ती लाज अंगावर पडलेल्या पाण्यासारखी होती, पुसली की संपली. ही पोटात गेली आणि तिथेच बसली. आपण एका बाईचं तोंड सगळ्या गावासमोर काळं केलं, आणि ते करताना खाली वाकून बघायचेही कष्ट घेतले नाहीत. तिला स्वतःच्या हातांचीही शिसारी आली.

"चालू झालं?" डॉक्टर जिन्यावरून नूडल्सचा वाडगा हातात घेऊन उतरत विचारत होते. "काय झालं होतं?"

खरं सांगायला एवढी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती. समोर एकटे डॉक्टर, आणि ते कुणाला नावं ठेवणारे नव्हते. युए-छिन टेबलाखालून बाहेर आली, कपडे झटकले, आणि तिच्या तोंडून आलं, "आपोआपच झालं."

"नवी पुडी ना!" डॉक्टर खूश होऊन हसले. "गुआय-गुआयची ताकद."

दुपारी माशाची पेज तिने तशीच झाकून ठेवली. संध्याकाळच्या पाळीला लोक आले तर त्यांनी तिच्या खोट्याला हातपाय फोडले. "बघितलंस? ती गेली आणि लगेच सुरू झालं!" "फोन काढून घेतला तेच बरं झालं." आ-चुई-पेक तर अभिनंदन केल्यासारखे खिडकीच्या काचेवर टकटक करून गेले. युए-छिन मान खाली घालून चिठ्ठ्या फाडत राहिली. कुणालाच ओरडली नाही, मास्क हनुवटीला लटकलेला दिसूनही ओरडली नाही. तब्येत बिघडलीये का, असं दोघीतिघींनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी वार्सिनी खिडकीच्या आतल्या बाजूला आली की हळूच बाजूला घेऊन सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. चार्जर लावायला येईल तेव्हा. रात्री झोपताना तिने वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण फोन तिच्याकडे नाही म्हटल्यावर वार्सिनी आत कशाला येईल, हे त्या मशीनच्या सासूच्या डोक्यात आलंच नव्हतं. वार्सिनीने खुर्ची दाराबाहेर, स्कूटरींच्या रांगेजवळ उभी केली, आत येऊन नंबर घेतला आणि परत बाहेर गेली. आत बाकड्यावर जागा होती. जवळच बसलेल्या बाईने आपली पिशवी त्या जागेवर सरकवून ठेवली. युए-छिनने ते काचेतून बघितलं.

आ-मांचा नंबर आला आणि त्या पट्टीच्या खोलीत गेल्या. थोड्याच वेळात तिथून किंकाळी आली.

"माझं गाणं कुठाय? माझं गाणं कुणी नेलं?" आ-मा लहान पोरीसारख्या रडत होत्या. नर्सने पाय धरला की लाथ मारत होत्या, जखमेतून रक्त येत होतं. वार्सिनी जमिनीवर गुडघे टेकून तेच गाणं स्वतःच्या गळ्याने म्हणायचा प्रयत्न करत होती. शब्द तिला अर्धेच येत होते आणि ते अर्धे शब्दही ती तळ्यावरच्या जुन्या कोळ्यांच्या हेलात म्हणत होती, कारण भाषा ती आ-मांकडूनच शिकली होती. बाहेर बसलेले लोक छताकडे बघत होते.

युए-छिन उठून उभी राहिली. तिला वाटलं आत जावं, वार्सिनीच्या कानात सांगावं. मग तिला कळलं की कानात सांगून भागणार नाही, कारण काल ती जे बोलली होती ते कानात नव्हती बोलली. ती परत खाली बसली. माइकचं बटण दाबलं.

"सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली, आणि गावाने प्रथमच तिचा आवाज कापताना ऐकला. "काल वायर वार्सिनीने नाही काढली. मी काढली. मी पुडी मागे कोंबली, ती वायरवर रेलली. फोनवरच्या माणसाने मला बघ म्हणून सांगितलं होतं, मी बघितलं नाही, बघितलं म्हणून खोटं सांगितलं. दुपारी मला कळलं होतं. डॉक्टर, तुमच्याशीपण मी खोटं बोलले. आपोआप नव्हतं झालं."

आतल्या खोलीतून डॉक्टरांचा हात पडद्याबाहेर आला आणि तिथेच थांबला. कोणी खोकलं. आ-चुई-पेक बुटाचा बंद सोडून परत बांधू लागले. मग पिशवीवाली बाई म्हणाली, "जाऊ दे गं, एवढ्याशा वायरचं काय एवढं मोठं."

"तुला नाही मोठं," युए-छिन माइकमधूनच म्हणाली. "पिशवी उचल."

बाईने पिशवी उचलली.

तिथल्या तिथे, बटण न सोडता, तिने थांग जुन-लोंगला फोन लावला. "जुन-लोंग, मी खिडकीवाली. फोन घेऊन ये. आत्ताच्या आत्ता. चूक माझी होती, तुझ्या घरच्या बाईची नव्हती."

पलीकडे लिलावाचा गलका होता. "पण काल तुम्हीच तर म्हणालात..."

"मीच म्हणाले. म्हणून मीच सांगतेय. आ-मांच्या पायातून रक्त येतंय, ये लवकर."

तो आला. या वेळी नमस्कार कुणाला करावा हे त्याला कळेना. त्याने खिशातून फोन काढून वार्सिनीच्या हातात ठेवला, गमबुटांकडे बघत "हं" असं काहीसं म्हणाला, आणि आईजवळ जाऊन उभा राहिला. आ-मांनी त्याला विचारलं, "तुम्ही कोण?" गाणं सुरू झालं. आ-मा हुंदके देत देत गुणगुणू लागल्या आणि नर्सला पाय सापडला.

पट्टी झाल्यावर वार्सिनी खुर्ची ढकलत खिडकीसमोरून निघाली. बाकड्यावरच्या एकीने प्रेमाने म्हटलं, "बघा, एवढं झालं तरी एक शब्द उलटून बोलली नाही. किती गुआय आहे पोरगी!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. युए-छिनही आजवर तिच्याबद्दल हेच म्हणत आली होती, कौतुकानेच म्हणत आली होती. आता तो शब्द ऐकून तिला ती हिरवी पुडी उचलून रस्त्यावर फेकून द्यावीशी वाटली.

"वार्सिनी," तिने भोकाशी तोंड नेऊन हाक मारली. माइक बंद होता. "मला माफ कर. मी फार वाईट बोलले."

"मेइ-ग्वान-शी," वार्सिनी म्हणाली. काही हरकत नाही. अगदी नम्रपणे, अनोळखी माणसाला म्हणावं तसं.

"ये ना आत. फोन लाव इथे. जागा मोकळी आहे." युए-छिनने बोर्डाचं कडेचं भोक बोटाने दाखवलं. सकाळीच तिने ते कोरड्या फडक्याने पुसून ठेवलं होतं.

"नको, बाई. पूर्ण भरलेला आहे."

आ-मांच्या मांडीवर तो फोन पडला होता. काल सकाळपासून कोणी चार्जरला न लावलेला, जुन-लोंगच्या खिशात पडून राहिलेला. गाणं अजून चालू होतं, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली बॅटरी लाल झालेली युए-छिनला काचेतून स्पष्ट दिसत होती. वार्सिनीने खुर्ची पायरीवरून सावकाश उतरवली. स्कूटरींपर्यंत पोहोचेस्तोवर गाणं ऐकू येत होतं, मग मध्येच तुटलं.